सिएटलची स्पेस नीडल : मनोरा शहराचा, सातबारा खाजगी

रेनियरवारी (धागाकर्ता)

'आईबाबा अमेरिकेत येताहेत, काय काय दाखवू' या धाग्यावर कुणीतरी स्पेस नीडलला 'सरकारने जत्रेसाठी पोसलेला पांढरा हत्ती' म्हटलं होतं. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते मारुतीच्या शेपटीसारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. पांढरी आहे हे कबूल. पण तीही सुरुवातीला पुरती पांढरी नव्हती, आणि सरकारने तर ती बांधलेलीच नाही. माझ्या मते या मनोऱ्याच्या इतिहासातली सगळ्यात मजेशीर गोष्ट हीच आहे.

आधी पार्श्वभूमी. १९०९ साली सिएटलमध्ये अलास्का-युकॉन-पॅसिफिक प्रदर्शन भरलं होतं. त्याची पन्नाशी आली, तेव्हा पुन्हा एक प्रदर्शन भरवावं असं इथल्या काही मंडळींनी मनावर घेतलं. विषय साधारण 'पश्चिमेचं वैभव' वगैरे असायचा. तेवढ्यात १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेच्या पोटात गोळा आला. विज्ञान आणि अवकाश म्हटलं की वॉशिंग्टनहून पैसा सुटू लागला. प्रदर्शनाने मग कूस बदलली आणि त्याचं नाव झालं 'सेंचुरी २१', म्हणजे एकविसाव्या शतकातलं जग कसं असेल ते १९६२ सालीच दाखवायचं.

प्रदर्शन समितीचे अध्यक्ष होते एडवर्ड कार्लसन. हे ना वास्तुविशारद, ना पुढारी. हॉटेलात पडेल ते काम करत करत एका मोठ्या हॉटेल कंपनीचे प्रमुख झालेले. १९५९ मध्ये ते जर्मनीत श्टुटगार्टला गेले असताना तिथल्या टीव्ही मनोऱ्यावरच्या उपाहारगृहात जेवले. खाली शहर आणि आपण वर आभाळात जेवतोय, ही कल्पना त्यांच्या डोक्यात बसली ती बसलीच. मग त्यांनी एक चित्र खरडलं. कुणी सांगतं नॅपकिनवर, कुणी सांगतं ताटाखालच्या कागदावर. कशावर का असेना, हॉटेलवाल्याच्या डोक्यात आलेली ती हॉटेलची कल्पना होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चित्राचा मनोरा करायचं काम जॉन ग्रॅहम यांच्या कार्यालयाकडे गेलं. सिएटलचं नॉर्थगेट मॉल त्यांचंच. होनोलुलूमध्ये 'ला रॉंद' नावाचं फिरतं उपाहारगृहही त्यांनी केलं होतं (१९६१). एका खांबावर तबकडी, दोरखंडांनी बांधलेला फुगा असे बरेच आकार कागदावर आले नि गेले. तबकडी ठरली, पण ती कशावर ठेवायची यावर घोडं अडलं. ते सोडवलं व्हिक्टर स्टाइनब्रूक या विद्यापीठातल्या प्राध्यापकाने. त्याच्याकडे डेव्हिड लेमन या शिल्पकाराचं एक लाकडी शिल्प होतं: नर्तकीची अमूर्त आकृती, कमरेत बारीक, वर आणि खाली पसरत जाणारी. तिच्यावरून त्याने तीन पायांचा, मध्ये आवळलेला आकार काढला. आज टीशर्टांपासून चहाच्या मगांपर्यंत जो दिसतो तोच. हाच माणूस पुढे पाइक प्लेस मार्केट वाचवायच्या चळवळीत सगळ्यात पुढे होता, आणि १९७१ साली मतदारांनी ते मार्केट वाचवलंही. म्हणजे शहराच्या दोन्ही खुणांवर याचा हात आहे, तरी पर्यटकांना नाव ठाऊक नसतं.

आता पैसा. प्रदर्शनासाठी सरकारी पैसा होता, मनोऱ्यासाठी नव्हता. कौंटीकडे हात पसरून पाहिले, काही जमलं नाही. शेवटी पाच जणांनी खिशात हात घातला: बांधकाम कंत्राटदार हॉवर्ड राइट, वास्तुविशारद ग्रॅहम स्वतः, गुंतवणूकदार बॅगली राइट (आडनाव एक, नातं नाही), नेड स्किनर आणि लाकूड व्यवसायातले नॉर्टन क्लॅप. पाच जण म्हणून कंपनीचं नाव 'पेंटाग्राम'. पण प्रदर्शनाची सगळी जागा सार्वजनिक, तिथे खाजगी मनोरा कसा बांधणार? शोधता शोधता प्रदर्शनाच्या आवारातच १२० फूट गुणिले १२० फुटांचा एक तुकडा सापडला. आपल्या हिशेबाने तेरा गुंठ्यांच्या आसपास. अग्निशमन आणि पोलिसांच्या इशारायंत्रणेच्या तारा तिथे एकत्र यायच्या. नगरपालिकेने तो ७५,००० डॉलरना विकून टाकला. हे व्हायला १९६१ उजाडलं होतं, आणि प्रदर्शनाचं उद्घाटन होतं २१ एप्रिल १९६२ ला.

१७ एप्रिल १९६१ ला खोदाई सुरू झाली. ३० फूट खोल, १२० फूट रुंद खड्डा. त्यात काँक्रीट ओतायला ४६७ ट्रक आले आणि बारा तासांच्या आत काम संपलं. पोलाद पॅसिफिक कार अँड फाउंड्रीने घडवून दिलं, म्हणजे आजची ट्रक बनवणारी पॅकार. उंची ६०५ फूट (१८४ मीटर), म्हणजे अडीच कुतुबमिनार. खर्च ४५ लाख डॉलर. शेवटची लिफ्ट उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पोहोचली!

रंगांची नावं वाचून मला आजही हसू येतं. पायांना 'ॲस्ट्रोनॉट व्हाइट', गाभ्याला 'ऑर्बिटल ऑलिव्ह', तबकडीच्या कड्याला 'री-एन्ट्री रेड' आणि छपराला 'गॅलक्सी गोल्ड'. हे शेवटचं सोनं म्हणजे भडक नारिंगी. शेंड्यावर गॅसची मशाल जळायची. सहा महिन्यांत तेवीस लाख लोक वर जाऊन आले. प्रदर्शनाला आलेल्या साधारण ९६ लाखांमधले.

आणि वर काय होतं? उपाहारगृह. नाव 'आय ऑफ द नीडल', जमीन फिरती. एवढी माणसं, टेबलं, ताटवाट्या घेऊन फिरणारं ते कडं चालवायला अवघ्या एक अश्वशक्तीची मोटर पुरायची. आपल्याकडे बंगल्याच्या टाकीत पाणी चढवायला लावतात तेवढी. फिरायची फक्त जमीन. खिडकी आणि खिडकीचा कठडा जागच्या जागी. त्यामुळे कुणी पर्स कठड्यावर ठेवली की ती मागे राहायची आणि बाई पुढे जायच्या. पोरं कठड्यावर चिठ्ठी ठेवायची आणि टेबलं पुरा फेरा मारून तिथे येईपर्यंत अनोळखी लोकांनी त्यावर उत्तरं लिहिलेली असायची.

तर पांढरा हत्ती म्हणा हवं तर, पण तो पाच जणांनी स्वतःच्या दावणीला बांधला आणि चाराही स्वतःच घातला. आजही त्याची मालकी हॉवर्ड राइट यांच्या घराण्याकडे आहे. बाकीच्यांनी सत्तरच्या दशकात हिस्से विकून टाकले.

---

कट्टा_नंबर_३

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. प्रश्न एवढाच: वर्षभरात घिसाडघाईने उभी केलेली वस्तू भूकंपाच्या पट्ट्यात साठ वर्षं टिकली कशी? आमच्याकडे उड्डाणपुलाची एक बाजू पूर्ण होईपर्यंत दुसरीची डागडुजी निघते.

---

निवृत्त_ओव्हरसियर

घाई होती, घिसाडघाई नव्हती. यातला फरक साइटवर उभं राहिलेल्याला कळतो.

पायाचं बघा. ५,८५० टन काँक्रीट, त्यात २५० टन सळई. वरच्या सबंध मनोऱ्याचं वजन ३,७०० टन. म्हणजे जे दिसतं त्यापेक्षा जे गाडलंय ते जड. शिवाय मनोऱ्याचे पाय खालच्या काँक्रीटला ७२ बोल्टांनी जखडलेत आणि एकेक बोल्ट ३० फूट लांब! आपल्याकडे अँकर बोल्ट म्हणजे हातभर, फार तर पुरुषभर. इथे तीन मजली इमारतीएवढा बोल्ट काँक्रीटमध्ये पुरलाय.

त्या ४६७ ट्रकांना लोक विक्रम म्हणून टाळ्या वाजवतात. विक्रमासाठी कुणी असं करत नाही. आदल्या खेपेचं काँक्रीट घट्ट झालं आणि नंतरचं त्यावर पडलं की मध्ये सांधा राहतो, साइटवर त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात. मनोरा वाऱ्याने ढकलला की पायावर उलथवणारा जोर येतो. तिथे असा कच्चा सांधा नको. म्हणून ट्रकांची रांग तुटू द्यायची नाही. आमच्या वेळी धरणाच्या कामावर रात्री मिक्सर बंद पडला की साहेबापेक्षा मुकादमच जास्त घामाघूम व्हायचा, तो याच भीतीने.

रचनेचा हिशेब जॉन मिनासियन यांचा. १९६२ च्या नियमावलीत जेवढं भागलं असतं त्याच्या दुप्पट धरून चालले. ताशी २०० मैल वाऱ्याला टिकेल असं सांगतात. वारा ताशी दहा मैलांनी वाढला की शेंडा साधारण इंचभर हलतो. हलायलाच हवा. न हलणारं पोलाद मोडतं.

परीक्षा दोनदा झाली. २९ एप्रिल १९६५ च्या भूकंपात मनोरा एवढा डोलला की वरच्या संडासातलं पाणी हिंदकळून बाहेर आलं. मग २८ फेब्रुवारी २००१ चा निस्क्वाली भूकंप, ६.८ तीव्रतेचा. शहरात जुन्या विटांच्या इमारती पडल्या-झडल्या, हा उभाच. तीन पायांची बैठक मुळातच शहाणपणाची. जमीन उंचसखल झाली तरी तिपाई डुगडुगत नाही.

लिफ्टबद्दल एक सांगतो, नातवाला फार आवडलं होतं. लिफ्टचा वेग ताशी दहा मैल, वर जायला ४३ सेकंद. बर्फ खाली पडतं ते ताशी तीन मैलांच्या आसपास. त्यामुळे बर्फ पडत असताना खाली येणाऱ्या लिफ्टमधून पाहिलं की बर्फ खालून वर चाललेलं दिसतं. जोराचा वारा सुटला की लिफ्ट निम्म्या वेगाने चालवतात.

---

कट्टा_नंबर_३

काका, दंडवत. तिपाईचं पटलं.

---

श्वाबेनची_सून

श्टुटगार्टचं नाव निघालं आणि मी गप्प बसणार? आमच्या बाल्कनीतून तो मनोरा दिसतो (धुकं नसेल तेव्हा, म्हणजे वर्षातून बऱ्यापैकी कमी वेळा).

कार्लसन साहेब ज्याच्या प्रेमात पडले तो मनोराही मुळात व्हायचा नव्हता. इथल्या रेडिओ संस्थेला टीव्ही प्रक्षेपणासाठी फक्त पोलादी खांब हवा होता, तारांनी ताणून धरलेला. फ्रिट्झ लेओनहार्ट म्हणून पुलांचे अभियंते होते. ते म्हणाले, एवढ्या सुंदर टेकडीवर जाळीचा खांब कसला लावता? काँक्रीटचा सडपातळ मनोरा करू, वर लोकांना जाता येईल, खाता येईल. 'हे काय अभद्र' म्हणून ओरड झाली. ५ फेब्रुवारी १९५६ ला मनोरा खुला झाला. अशा तऱ्हेचा, काँक्रीटचा, जगातला पहिला टीव्ही मनोरा. खर्च ४२ लाख मार्क, आणि तो वर जाणाऱ्यांच्या तिकिटांतून पाच वर्षांत वसूल. आज उंची २१६.६ मीटर. म्हणजे स्पेस नीडलपेक्षा तीस मीटरने उंच, आणि टेकडीवर असल्यामुळे आणखी रुबाब.

गंमत अशी की आमचा फिरत नाही. जमीन फिरवायचं खूळ डॉर्टमुंडच्या मनोऱ्यावर आलं, १९५९ मध्ये. ग्रॅहमनी फिरत्या उपाहारगृहाचं अमेरिकेत पेटंट घेतलं ते १९६४ चं.

दुसरी बाजूही सांगते. मार्च २०१३ मध्ये इथल्या महापौरांनी एका दिवसात मनोरा बंद करून टाकला. कारण आग लागली तर सुटकेचा मार्ग धड नाही. दांडा एवढा बारीक की लिफ्ट, जिना, केबली, नळ सगळं एकाच नळकांड्यात. जवळजवळ तीन वर्षं काम करून जानेवारी २०१६ ला उघडला. सडपातळपणाची किंमत अशी मोजावी लागते. बाहेरून बघणाऱ्याला कंबर दिसते, आत राहणाऱ्याला जिना लागतो.

आणि मुंबईकरांनो, १९६८ पासून मुंबई आणि श्टुटगार्ट भगिनी-शहरं आहेत. मनोऱ्याची कल्पना मात्र सिएटलने नेली.

---

सदाशिवपेठी_स्कूटर

मुंबईने काहीच नेलं नाही असं कसं, चर्चगेटला अँबॅसिडरच्या गच्चीवर फिरतं हॉटेल होतं की. शिवाय मोनोरेलही आणली. सिएटलवाल्यांनीही त्याच प्रदर्शनात मोनोरेल केली होती, १९६२ ची ती अजून धावते आणि माणसं तिच्यात बसतातही. पुढचं बोलत नाही.

---

तिरकस

सगळे भारावलेत, तर मी आपला खडा टाकतो.

धागाकर्त्यांनीच सांगितलंय की ही हॉटेलवाल्याची कल्पना, पाच गुंतवणूकदारांचा पैसा, खाजगी जमीन. मग 'शहराची खूण' म्हणून गळे कशाला काढायचे? दुकान आहे ते. दुकानदार दुकानाचं जे करतो तेच गेली साठ वर्षं तिथे चाललंय. १९८२ मध्ये १०० फुटांवर, पायांच्या मध्येच, एक मजला घुसवला. कशासाठी? लग्नं, मेजवान्या, भाड्याने हॉल. 'मुळात आराखड्यात होतं, तेव्हा पैसे नव्हते म्हणून राहिलं' हे समर्थन. असेलही आराखड्यात. पण वीस वर्षं लोकांच्या डोळ्यात बसलेली ती मोकळी कंबर गेली ना? मग २००० साली खाली काचेचा गोल मंडप, आत विक्रीचं दुकान. २०१७-१८ मध्ये दहा कोटी डॉलर ओतून वरची सगळी जाळी, भिंती काढल्या आणि काच लावली. तुम्ही एवढ्या कौतुकाने सांगितलेलं ते कठड्यावर चिठ्ठ्यांचं उपाहारगृह २०१७ ला बंद. ज्या जेवणासाठी मनोरा बांधला ते जेवणच गेलं. आता काचेच्या फिरत्या जमिनीवर उभं राहून स्वतःचे बूट आणि त्याखालचे पाचशे फूट बघायचे. तिकीट काढून.

आयफेलचं बघा. तोही प्रदर्शनासाठीच, १८८९ चा. वीस वर्षांचा करार होता, मग पाडायचा. पण वीस वर्षांनी तो गेला पॅरिस शहराकडे, आणि बिनतारी संदेशांना उपयोगी म्हणून वाचला. शेवटी मालक शहर. इथे शहराने तेरा गुंठे पंचाहत्तर हजाराला दिले आणि हात झटकले. बिल्डरला भूखंड दिल्याच्या बातम्या आपण वेगळ्या सुरात वाचतो, नाही का?

---

रेनियरवारी

तिरकसराव, खडा बरोबर पडलाय, पण आयफेलचंही जरा सरळ करून घेऊ. तिथलंही बरंचसं भांडवल गुस्ताव आयफेल यांनी स्वतःच उभं केलं, म्हणूनच तर वीस वर्षं उत्पन्न त्यांचं होतं. सरकारी मदत होती, पण खर्चाच्या मानाने थोडी. जत्रेच्या मनोऱ्यांना सरकार पैसा सोडताना हात आखडतंच.

दुसरं, दुकानदार इथे मनाला येईल ते करू शकत नाही. १९९९ च्या २१ एप्रिलला, बरोबर उद्घाटनाच्या तारखेला, शहराच्या वारसा मंडळाने स्पेस नीडलला 'लँडमार्क' दर्जा दिला. तेव्हापासून बाहेरून दिसणाऱ्या भागाला हात लावायचा तर या मंडळाची परवानगी लागते. २०१७ चं कामही मंडळापुढे जाऊनच झालं. ओल्सन कुंडिग या इथल्याच वास्तुविशारदांचं काम. मंडळाचा कल मूळ आकार दिसण्याकडे होता. आणि खरं सांगायचं तर १९६२ च्या रेखाचित्रांत तबकडी जेवढी हलकी दिसते तेवढी ती नंतर जाळ्या आणि पत्रे लागून राहिली नव्हती. काचेमुळे ती पुन्हा हलकी दिसायला लागली. लांबून बघा, १०० फुटांवरचा तो मजला सोडला तर छायाकृती अगदी स्टाइनब्रूकची.

तो मजला मलाही आवडत नाही. तिथे मी तुमच्या बाजूचा.

पण जेवण गेलं म्हणून मनोरा दुकान झाला हे काही पटत नाही. २०१२ मध्ये पन्नाशीनिमित्त छप्पर पुन्हा गॅलक्सी गोल्डमध्ये रंगवलं, तेव्हा शहरात जणू आपल्याच घराला रंग दिल्यासारखी चर्चा होती. 'फार भडक' म्हणणारेही होते. दुसऱ्याच्या दुकानाच्या छपरावर कुणी एवढं भांडत नाही.

---

अनुस्वार

मनोरा कोसळल्याची बातमी कधीतरी टीव्हीवर आली होती ना? एका सहकाऱ्याकडून ऐकलं होतं, तो इथेच वाढलेला. खरं आहे का?

---

रेनियरवारी

बातमी खरी, कोसळणं खोटं! १ एप्रिल १९८९. 'ऑलमोस्ट लाइव्ह' नावाचा स्थानिक विनोदी कार्यक्रम होता. त्यांनी बातमीपत्राच्या थाटात स्पेस नीडल आडवी पडल्याचं दाखवलं. खाली एप्रिल फूलची तारीखही होती, पण तारखा कोण वाचतो. आपत्कालीन क्रमांकावर फोनांचा पाऊस पडला, नीडलच्या कार्यालयातही. कार्यक्रमवाल्यांना पुढच्या भागात माफी मागावी लागली.

खऱ्या धास्तीचीही एक आठवण शहरात आहे. डिसेंबर १९९९ मध्ये कॅनडातून बोटीने आलेला एक माणूस स्फोटकांनी भरलेल्या गाडीसह इथून जवळच पोर्ट अँजेलिसला पकडला गेला. लक्ष्य नीडल असावं अशी कुजबुज होती (पुढे खटल्यात निघालं लॉस एंजेलिसचं विमानतळ). महापौर पॉल शेल यांनी नव्या सहस्रकाच्या रात्रीचा खालचा सार्वजनिक जल्लोष रद्द केला. त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल झाली.

---

सदाशिवपेठी_स्कूटर

थोडं अवांतर. या प्रदर्शनाची दोन टोकं मला फार आवडतात. उद्घाटनाला केनेडी आलेच नाहीत. फ्लोरिडातून त्यांनी तारयंत्राची कळ दाबली, आणि ती सोन्याचे गोटे जडवलेली कळ १९०९ च्या प्रदर्शनासाठी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी वापरलेली. समारोपाला मात्र जातीने येणार होते, २१ ऑक्टोबर १९६२ ला. ऐन वेळी निरोप: साहेबांना सर्दी झालीय. सर्दी कसली, क्युबातली क्षेपणास्त्रं! दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनी देशाला उद्देशून भाषण केलं. एकविसाव्या शतकाचं गुलाबी चित्र दाखवणारं प्रदर्शन बंद होत होतं, तेव्हा एकविसावं शतक उजाडेल की नाही याचीच पंचाईत होती.

मधल्या काळात रशियाचा अंतराळवीर गेरमान तितोव्हही प्रदर्शन बघून गेला होता. शीतयुद्धातली ही पाहुणचाराची रीत न्यारीच.

---

श्वाबेनची_सून

सर्दीचं माहीत नव्हतं. मस्त!

---

ठाणेकर_मावशी

मी जूनमध्ये लेकीकडे बेलव्ह्यूला जातेय. यजमानांचे गुडघे दुखतात आणि मला उंचीची थोडी भीती आहे. तिकीट काढून वर जावं का? की खालूनच नमस्कार करावा? इतिहास छान आहे, पण मुद्द्याचं सांगा कुणीतरी.

---

रेनियरवारी

मावशी, काकांना चढायला काही नाही, लिफ्ट थेट वर. निरीक्षणाची गच्ची ५२० फुटांवर. कठड्याच्या जागी माणसापेक्षा बऱ्याच उंच काचा आहेत आणि त्यांना टेकून काचेचीच बाकं. ती बाकं बाहेरच्या बाजूला कललेली आहेत, तुम्ही तिथे बसू नका, लेकीला बसवा आणि फोटो काढा. फिरत्या काचेच्या जमिनीच्या मजल्यावर गेलंच पाहिजे असं काही नाही.

जूनमध्ये एखाद दिवस ढग उतरलेले असतात. माउंट रेनियर (४,३९२ मीटर) दिसतोय का हे खालूनच बघा, म्हणजे घरून निघतानाच. इथले लोक 'आज डोंगर बाहेर आलाय' असं म्हणतात. डोंगर बाहेर आला असेल तर तिकीट काढा. एका बाजूला रेनियर, एका बाजूला एलियट उपसागरातल्या फेरीबोटी, पलीकडे ऑलिंपिक रांगा, आणि खाली लेक युनियनवर उतरणारी पाण्यावरची विमानं. विमानं वरून उतरताना बघायला काकांना नक्की आवडेल.

नसेल आला तर क्वीन ॲन टेकडीवरच्या केरी पार्कला जा. फुकट. पोस्टकार्डावर असतं ते दृश्य तिथलंच: पुढे नीडल, मागे शहर, त्यामागे रेनियर. आणि नुसती उंचीच हवी असेल तर डाउनटाउनमधलं कोलंबिया सेंटर नीडलपेक्षा कितीतरी उंच आहे, त्याच्या ७३ व्या मजल्यावर जाता येतं. पण तिथून बघताना नीडल खाली कुठेतरी टाचणीएवढी दिसते, माझा तरी जरा हिरमोड झाला. आणखी जुनं हवं असेल तर १९१४ चा स्मिथ टॉवर. नीडल येईपर्यंत शहरात सगळ्यात उंच तोच होता.

नीडलच्या शेजारीच पॅसिफिक सायन्स सेंटर आहे, तिथल्या पांढऱ्या कमानी बघा. त्याच प्रदर्शनासाठी मिनोरू यामासाकींनी केलेल्या. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पुढे त्यांनीच रचले.

---

ठाणेकर_मावशी

डोंगर बाहेर आला तर वर, नाही तर केरी पार्क. ठरलं. धन्यवाद हो.

---

निवृत्त_ओव्हरसियर

मावशी, खाली उभं राहून पायांकडेही बघा. पोलादाला दिलेला बाक हे खरं काम आहे. तीन पाय, प्रत्येकात जोडून वर गेलेले पोलादी तुळईचे भाग, आणि ते कमरेपाशी आत येऊन पुन्हा बाहेर जातात. सरळ तुळई कुणीही उभी करतो.

---

तिरकस

केरी पार्कवरून आठवलं, आणि हा मुद्दा माझ्याच विरुद्ध जातो, तरी टाकतो. सिएटलच्या नियमावलीत ठरावीक सार्वजनिक जागांवरून स्पेस नीडल दिसत राहिली पाहिजे अशी तरतूद आहे. केरी पार्क, गॅस वर्क्स पार्क, व्हॉलंटिअर पार्क, अल्कायचा किनारा अशा जागा. मधल्या पट्ट्यात इमारत बांधायची तर ती हे दृश्य किती अडवते ते तपासलं जातं.

म्हणजे मनोरा खाजगी, जमीन खाजगी, उत्पन्न खाजगी, आणि दृश्य तेवढं सार्वजनिक, तेही कायद्याने. शेजारच्या जमीनमालकाने का म्हणून मजले कमी करायचे? राइट घराण्याच्या तिकीटविक्रीसाठी?

---

रेनियरवारी

केरी पार्कमधून बघणारा तिकीट काढत नाही हो. नियम त्याच्यासाठी आहे, राइट घराण्यासाठी नाही. उलट दृश्य फुकट मिळतंय म्हणून वर न जाणारे कितीतरी असतील, ठाण्याच्या मावशी कदाचित त्यांतल्याच होतील.

माझा धाग्यातला मूळ मुद्दाही हाच होता. कागदावर मालक कोण आणि सवयीने मालक कोण, या दोन गोष्टी इथे कधी जुळल्याच नाहीत. पाच जणांनी हॉटेल बांधलं, लोकांनी ते आपलं म्हणून टाकलं, मग शहराने १९९९ मध्ये त्यावर कागदी शिक्का मारला. हॉटेल गेलं तरी दावा राहिलाच.

---

तिरकस

सवयीने मालक झालेल्यांना निदान वर्षातून एक दिवस फुकट वर सोडा म्हणावं. मग मीही 'शहराची खूण' म्हणेन.

---

कट्टा_नंबर_३

+१. आणि ओव्हरसियर काका, ते तीस फुटी बोल्ट आधी बसवले की काँक्रीट ओतल्यावर? झोपताना हाच विचार चाललाय.

---

निवृत्त_ओव्हरसियर

आधी. सळईच्या जाळ्याबरोबर साचा लावून जागेवर पक्के धरायचे आणि मग ओतायचं. नंतर कोण घालणार तीस फूट आत? झोपा आता.